अटारीची खेळपेटी

दूरचित्रवाणीचा संच घरात असला म्हणजे माणसाने काय करायचे? समोर बसायचे आणि पाहायचे. केंद्रावरून जे येईल ते पाहायचे आणि नको झाले तर बंद करायचे. रेडिओच्या श्रोत्यालाही याहून फारसा जास्त अधिकार नसतो. पण तो निदान ऐकता ऐकता हाताने शेंगा तरी फोडू शकतो. दूरचित्रवाणी डोळ्यांसकट सगळा माणूस बांधून ठेवते. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या बहुतेक घरांत असा संच आलेला होता आणि त्याच्यापुढे मुले-माणसे रोज काही तास नुसती बसून असत. या बसण्यावर काही उपाय आहे का, हा विचार ज्यांच्या डोक्यात आला ते गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे होते, ही गोष्ट आपल्या माध्यमाला थोडी भूषणावहच म्हटली पाहिजे.

त्यांचे नाव राल्फ बेअर. जन्म जर्मनीतला, १९२२ सालचा. ज्यू असल्यामुळे १९३८ साली कुटुंबाबरोबर त्यांना देश सोडावा लागला. अमेरिकेत आल्यावर पत्रद्वारा शिक्षण घेऊन ते रेडिओ-दुरुस्तीचे काम शिकले आणि पुढे दूरचित्रवाणीचे अभियंते झाले. १९६६ साली त्यांनी चार पानांचे एक टिपण लिहिले. विचार साधा होता. संचाला एक लहान पेटी जोडावी आणि पडद्यावरचा ठिपका पाहणाऱ्याने आपल्या हाताने हलवावा. ठिपका हलला की खेळ आलाच. याच विचारातून १९७२ साली मॅग्नावॉक्स कंपनीने ‘ओडिसी’ नावाचे यंत्र बाजारात आणले. घरी खेळण्याचे हे पहिले चित्रखेळ-यंत्र. त्याला आवाज नव्हता, गुण मोजणे त्याला येत नव्हते, आणि मैदान किंवा जाळी दाखवायची तर रंगीत पारदर्शक पत्रा पडद्यावर चिकटवावा लागे. पण ठिपका हलत होता.

आज आपण ज्या यंत्राची हकीकत पाहणार आहोत ते याच्यानंतरचे आणि याच्याहून फार गाजलेले. त्याचे नाव अटारी २६००. हे एका खेळण्याचे चरित्र आहे असे समजून कोणी रेडिओ बंद करू नये. कारखान्यातली पेटी मोलाची, की त्या पेटीत प्राण घालणारा माणूस मोलाचा, हा प्रश्न या हकीकतीत आहे, आणि त्याचे उत्तर चुकल्यामुळे एक मोठी कंपनी कशी बसली हेही आहे.

अटारी ही कंपनी १९७२ साली कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी काढली. नाव जपानी आहे. गो नावाचा सोंगट्यांचा एक जुना खेळ आहे. त्यात समोरच्याची सोंगटी आता मरणार अशी वेळ आली म्हणजे ‘अटारी’ म्हणतात. आपण बुद्धिबळात ‘शह’ म्हणतो, जवळजवळ तसेच. आपल्या पंजाबातल्या सरहद्दीवरच्या अटारी गावाशी या नावाचा काही संबंध नाही. कंपनीचा पहिला गाजलेला खेळ ‘पाँग’. अॅल अॅलकॉर्न या तरुण अभियंत्याने तो तयार केला. दोन बाजूंना दोन फळ्या, मध्ये चेंडू. टेबल-टेनिसच म्हणा ना. हा खेळ नाणे टाकून खेळायच्या मोठ्या कपाटात होता आणि उपाहारगृहांतून, पानगृहांतून ठेवला जाई. १९७५ साली त्याची लहान, घरी नेण्याजोगी आवृत्ती निघाली आणि नाताळच्या दिवसांत हातोहात खपली.

पण तिच्यात एक मोठी अडचण होती. खेळ यंत्राच्या जोडणीतच गुंफलेला होता. पाँगचे यंत्र पाँगच खेळणार. म्हणजे ग्रामोफोन विकत आणावा आणि त्यात एकच गाणे कायमचे कोरलेले निघावे, तसे झाले. महिन्याभरात मुले कंटाळत आणि पेटी माळ्यावर जाई.

यावर तोड ग्रामोफोनचीच. यंत्र वेगळे आणि तबकडी वेगळी. फेअरचाइल्ड या कंपनीने १९७६ साली ‘चॅनेल एफ’ नावाचे यंत्र काढले. त्यात खेळ बदलण्यासाठी खाचेत बसवायची एक डबी होती. हिला कार्ट्रिज म्हणतात. आत एक चिप, आणि त्या चिपवर खेळाच्या आज्ञा कायमच्या उमटवलेल्या. या कामाची धुरा जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याकडे होती. त्या काळी त्या धंद्यात कृष्णवर्णीय अभियंते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून जी खेळयंत्रे आली, त्यांच्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. ती यंत्रे बहुतेक एका जपानी यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. मात्र डबी बदलून खेळ बदलण्याची युक्ती तीच.

अटारीचेही याच दिशेने काम चालू होते. तेथे स्टीव्ह मेयर, रॉन मिल्नर, जो डिक्वीर आणि चित्राची चिप रचणारे जे मायनर ही मंडळी होती. यंत्राचे खासगी नाव ‘स्टेला’ ठेवले होते. ते डिक्वीर यांच्या सायकलीचे नाव! त्यांच्या हाती एक चांगला योग आला. १९७५ साली एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ नावाचा प्रोसेसर, म्हणजे गणकयंत्राचा मेंदू म्हणा, २५ डॉलरला विकायला काढला. बाकीच्यांचे तसले माल कितीतरी पट महाग होते. अटारीने त्याचीच आणखी आखूड आवृत्ती, ६५०७, घेतली. कारखाना उभारायला पैसा हवा होता, म्हणून १९७६ साली बुशनेल यांनी कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सला २ कोटी ८० लाख डॉलरना विकली. सप्टेंबर १९७७ मध्ये यंत्र बाजारात आले. पुढे लाकडाच्या नक्षीची पट्टी, वर काही बटणे, दोन दांडे, आणि किंमत सुमारे २०० डॉलर. तेव्हाचे नाव ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’. २६०० हा मूळचा मालाचा क्रमांक, तो १९८२ साली नाव म्हणून रूढ झाला.

आता या पेटीच्या आत डोकावू. शिक्षक-मित्रांनी येथे थोडे लक्ष द्यावे, कारण वर्गात सांगण्याजोगे पुष्कळ येथेच आहे.

गणकयंत्राला काम करताना बदलत्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. खेळाडू कोठे आहे, गोळी कोठपर्यंत गेली, गुण किती झाले. त्यासाठी स्मरणाची लहान लहान घरे असतात. एका घराला बाइट म्हणतात. अटारीच्या पेटीत अशी घरे किती होती? १२८. हजार नव्हे, लाख नव्हे, एकशे अठ्ठावीस. आजच्या मोबाइलमध्ये मराठी मजकूर साठवण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना वेगळा, हलन्त वेगळा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द लिहायला ३० बाइट होतात. म्हणजे अटारीच्या सगळ्या स्मरणात ‘महाराष्ट्र’ हा शब्द चार वेळा लिहिला की पाटी भरली. पाचव्यांदा लिहायला जागा नाही. एवढ्यात रणगाडे पळवायचे, विमाने पाडायची आणि गुणही मोजायचे!

त्याहून मोठी पंचाईत चित्राची. जुन्या काचेच्या नळीच्या संचात चित्र कसे उमटते हे पाहा. हातमागावर धोटा या टोकापासून त्या टोकाला जातो, एक बाणा पडतो. मग त्याखाली दुसरा, मग तिसरा. असे करता करता कापड होते. पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा किरण असाच धावतो. डावीकडून उजवीकडे एक रेषा, मग खाली दुसरी. अमेरिकन संचात अशा २६२ रेषांचे एक चित्र, आणि सेकंदाला ६० वेळा हा प्रकार पहिल्यापासून. मोठी यंत्रे काय करतात, तर सबंध चित्राचा नकाशा आधी आपल्या स्मरणात तयार ठेवतात आणि किरण आला की त्यातून वाचून देतात. अटारीच्या चित्रात आडवे १६० ठिपके आणि दिसणाऱ्या रेषा साधारण १९२. गुणाकार करा: ३०,७२० ठिपके. प्रत्येक ठिपका नुसता काळा की पांढरा एवढेच टिपायचे म्हटले तरी ३,८४० बाइट लागतील. आणि पेटीत आहेत १२८.

म्हणून या पेटीत नकाशा नाहीच. विणकराजवळ नक्षीचा कागद नाही, धोटा तर थांबत नाही, आणि प्रत्येक बाण्याला कोणता रंग द्यायचा हे धोटा धावत असतानाच ठरवायचे, असा हा माग आहे. एक रेषा पुरी व्हायला जेवढा वेळ लागतो, त्यात प्रोसेसरच्या घड्याळाचे ७६ ठोके पडतात. साध्यातली साधी आज्ञा पाळायला दोन ठोके, मोठीला सहा-सात. म्हणजे एका रेषेत वीस-पंचवीस आज्ञा, फार तर थोड्या जास्त. तेवढ्यात पुढच्या रेषेची तयारी झाली तर ठीक. एक ठोका चुकला तर चित्र फाटले. पडद्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला किरण जेव्हा दिसत नसतो, तेवढ्या सत्तरएक रेषांच्या अवकाशात बाकीचा सगळा हिशेब उरकायचा. गोळी लागली का, दांडा कोणीकडे वळला, गुण वाढवायचे का.

चित्राची चिपसुद्धा अगदी काटकसरीची. तिला फक्त दोन आकृत्या, दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागचा जाडाभरडा देखावा एवढेच काढता येई. तिच्या कर्त्यांपुढे दोनच खेळ होते: एक पाँग आणि दुसरा रणगाड्यांचा. पण गावच्या नाटकात नट कमी असले म्हणजे काय होते? एकच जण पहिल्या प्रवेशात राजा होतो आणि दाढी उतरवून दुसऱ्या प्रवेशात हवालदार. अटारीसाठी खेळ लिहिणाऱ्यांनी हेच केले. किरण पडद्याच्या वरच्या भागात असताना जी आकृती विमान असे, तीच तो खाली पोचेपर्यंत जहाज होई. पाहणाराला वाटे, पडद्यावर दहा वस्तू आहेत. यंत्राच्या मते दोनच होत्या.

या गरिबीतून माणसांनी काय काय काढले त्याचा एक नमुना देतो. १९८२ साली डेव्हिड क्रेन यांचा ‘पिटफॉल’ नावाचा खेळ निघाला. एक माणूस जंगलातून धावतो. खड्डे, मगरी, विंचू चुकवतो. असे जंगलाचे २५५ देखावे त्यात आहेत. सगळा खेळ मात्र ४ किलोबाइटच्या, म्हणजे ४,०९६ घरांच्या कार्ट्रिजमध्ये. २५५ देखावे एकेक करून साठवायचे म्हटले तर जागा मुळीच पुरणार नाही. क्रेन यांनी देखावे साठवलेच नाहीत. त्यांनी एक नियम साठवला.

हे फळ्यावर करून पाहता येते. तीन अंक लिहा, प्रत्येक ० किंवा १. समजा १००. नियम असा: पहिला आणि शेवटचा अंक यांची बेरीज करा; १ आणि १ आले तर बेरीज ० धरा. शेवटचा अंक पुसा, बाकीचे उजवीकडे सरकवा आणि ती बेरीज पुढे लिहा. १०० पासून ११० येईल. मग १११, मग ०११, १०१, ०१०, ००१ आणि पुन्हा १००. तीन अंकांचे शून्य सोडून जे सात प्रकार होऊ शकतात ते सातही आले, एकही दोनदा आला नाही, आणि लक्षात ठेवायला लागली ती फक्त चालू संख्या. उलट दिशेनेही जाता येते. मुलांना शोधून काढू द्या. तीनऐवजी आठ अंक घेतले आणि नियम नीट निवडला तर २५५ प्रकार येतात. क्रेन यांनी प्रत्येक आठ-अंकी संख्येचा एकेक देखावा मानला. यातला अमुक अंक झाडे ठरवील, अमुक अंक खड्डा की मगरी हे ठरवील. उजवीकडे धावलात तर नियम सुलटा, डावीकडे परतलात तर उलटा. म्हणून मागे फिरलेल्या माणसाला सोडलेलेच झाड बरोबर सापडते. अशाच धर्तीची संख्यांची युक्ती कॅरल शॉ या बाईंनी त्याच वर्षी ‘रिव्हर रेड’ या खेळात नदीचे काठ काढायला वापरली. खेळ लिहिणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

क्रेन आणि शॉ हे दोघेही आधी अटारीत नोकरीला होते. मग हे खेळ अटारीने काढले का? नाही. आणि येथेच खरी हकीकत सुरू होते.

त्या काळी एक खेळ म्हणजे बहुतेक एका माणसाचे काम असे. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे, आज्ञा त्याच्या. चारसहा महिने तो एकटा त्याच्यात बुडालेला. पण डबीवर नाव एकच: अटारी. बुशनेल १९७८ च्या अखेरीस बाजूला झाले आणि कारभार रे कसार यांच्याकडे आला. हे कापडधंद्यातले मोठे अधिकारी होते. विक्री, जाहिरात, दुकानदारांची साखळी यांत त्यांचा हात धरणारे थोडे. १९७९ साली यंत्राचा खप वर्षाला १० लाखांवर गेला. पण खेळ लिहिणाऱ्यांना नाव द्यावे किंवा खपावर काही हिस्सा द्यावा हे त्यांना पटत नव्हते. कोणता खेळ किती खपला याचे एक पत्रक बाजारविभागाने फिरवले; ते पाहून चार प्रोग्रॅमरांच्या ध्यानात आले की, विक्रीचा निम्म्याहून मोठा वाटा आपल्या चौघांच्या खेळांचा आहे. ते साहेबांना भेटले. क्रेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, डब्या जोडणाऱ्या कामगाराहून तुमचे महत्त्व अधिक नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. मला विचाराल तर हे उत्तर कामगारालाही न्याय देणारे नाही. पण ते असो. १९७९ साली क्रेन, अॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लान हे चौघे बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्याबरोबर त्यांनी ‘अॅक्टिव्हिजन’ ही कंपनी काढली. अटारीच्या यंत्रात चालणारे खेळ, पण अटारीने न केलेले! असे यापूर्वी कोणी केले नव्हते. अटारीने खटला भरला. १९८२ साली तडजोड झाली, आणि दुसऱ्याच्या यंत्रासाठी कोणालाही खेळ करता येतात हा पायंडा पडला. अॅक्टिव्हिजनच्या पुस्तिकेत कर्त्याचे नाव छापलेले असे, फोटोही असे.

आणखी एकाने दुसरी वाट काढली. वॉरन रॉबिनेट यांनी ‘अॅडव्हेंचर’ नावाचा खेळ लिहिला. किल्ले, किल्ल्या आणि गिळायला येणारे राक्षसी सर्प असलेला हा खेळ पूर्ण करून देताना त्यांनी त्यात एक गुप्त खोली ठेवली. एका भिंतीआड राखाडी रंगाचा एक अगदी बारीक ठिपका आहे. तो भोवतालच्या रंगात मिसळून जातो. तो उचलून ठरावीक जागी नेला तर भिंतीतून वाट मिळते आणि आतल्या खोलीत अक्षरे दिसतात, हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला म्हणून. त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. वरिष्ठांना नाही, सोबत्यांनाही नाही. नोकरी सोडून ते गेलेसुद्धा. १९८० साली खेळ बाजारात आल्यावर सॉल्ट लेक सिटीच्या एका १५ वर्षांच्या मुलाने ती खोली शोधली आणि कंपनीला पत्र लिहून कळवले. तोवर लाखो चिप्सचा साचा ठरून गेला होता. बदलायचा तर खर्च. शेवटी कंपनीतल्याच एका अधिकाऱ्याने सुचवले की, राहू द्या. ईस्टरच्या सणात मोठी माणसे रंगवलेली अंडी लपवतात आणि मुले शोधतात, तसे हे समजू. तेव्हापासून गणकयंत्राच्या खेळात लपवलेल्या अशा गमतीला ‘ईस्टरचे अंडे’ म्हणण्याची रीत पडली.

अटारीला याची खंत करायला सवड नव्हती. १९८० साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा जपानी खेळ परवान्याने घरच्या यंत्रावर आणला, आणि एका खेळासाठी लोक यंत्र विकत घेऊ लागले. वॉर्नरच्या नफ्याचा मोठा भाग अटारीतून येऊ लागला. पैसा असा येऊ लागला म्हणजे तो कोठून येतो हे पाहायचे भान राहत नाही. १९८२ साली ‘पॅकमॅन’ आला. तोंड उघडून ठिपके खाणारा हा पिवळा गोळा मोठ्या कपाटी यंत्रावर साऱ्या देशाचा लाडका होता. त्यात चार भुते. आणि आपली चिप तर दोनच आकृत्या काढणारी. खेळ लिहिणारे टॉड फ्राय यांनी भुतांना पाळीपाळीने दाखवले, एका चित्रात हे, पुढच्यात ते. त्यामुळे भुते सारखी लुकलुकत. (भुतांनी लुकलुकावे हे एका अर्थी शोभते, पण गिऱ्हाइकाला ते शोभले नाही.) लाखो डब्या खपल्या, पण अटारीचे नाव पाहून आणलेली वस्तू निराश करू शकते हे घरोघरी कळले.

त्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा बोलपट जगभर गाजला. त्याच्या खेळाचे हक्क कंपनीने २ कोटी डॉलरांच्या घरात घेतल्याचे सांगतात. करार जुलैअखेर झाला आणि माल नाताळात दुकानात हवा होता. चिपा तयार करायला लागणारा वेळ वजा जाता खेळ लिहायला पाच आठवडे उरले. एरवी सहा महिन्यांचे काम. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांनी ते अंगावर घेतले आणि पुरेही केले. पण मुलांना तो खेळ कळेना. तो छोटा परग्रहवासी सारखा खड्ड्यांत पडे आणि वर येता येता पुन्हा पडे. सुमारे ४० लाख डब्या काढल्या होत्या; निम्म्याही खपल्या नाहीत.

तेवढ्यात अॅक्टिव्हिजनचा नफा पाहून जो तो या धंद्यात उतरला होता. ओटचे पीठ विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेही खेळांची शाखा काढली, कुत्र्यांच्या खाद्याच्या कंपनीने आपल्या जाहिरातीचा खेळ काढला. यात अॅक्टिव्हिजनसारखे कसबी थोडे, आणि चार दिवसांत काहीतरी जुळवून डबी भरणारे फार. कांदा चांगला गेला की पुढल्या हंगामात सगळे शिवार कांद्याचे होते, आणि मग भाव काय होतो हे आपल्याला सांगायला नको. दुकानदारांनी न खपलेला माल परत करायचा, तर नव्या कंपन्यांपाशी पैसे नाहीत, कित्येक तर बुडालेल्या. मग ३५ डॉलरची डबी टोपल्यांत घालून ५ डॉलरला निघाली. टोपलीत ५ डॉलरला चार खेळ दिसत असताना ३५ ला एक कोण घेईल? चांगला खेळसुद्धा खराबाबरोबर गेला. त्यात घरगुती संगणकही स्वस्त झाले होते. खेळतो आणि शिवाय हिशेबही करतो म्हटल्यावर आई-बाप तिकडे वळले. डिसेंबर १९८२ मध्ये अटारीने नफ्याचा अंदाज एकदम खाली आणला आणि दुसऱ्या दिवशी वॉर्नरच्या शेअरची किंमत सुमारे एक-तृतीयांशाने कोसळली. १९८३ या एका वर्षात अटारीला ५० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. अमेरिकेतला या खेळांचा धंदा ३ अब्ज डॉलरांवरून १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आला, असे आकडे देतात.

न खपलेल्या डब्यांचे काय करायचे? सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या गोदामातून ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचराभूमीवर नेले, माल पुरला आणि वर काँक्रीट ओतले. पुढे तीस वर्षे ही दंतकथा की खरे, याचा वाद चालू होता. २६ एप्रिल २०१४ रोजी जागा खणली. डब्या निघाल्या, १,३०० च्या सुमारास वर काढल्या. त्यांत ‘ई.टी.’ होता आणि चांगले खपलेले खेळही होते. वॉर्शॉ स्वतः तेथे हजर होते. त्यातली एक डबी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बाकीच्या पुष्कळशा गावाने लिलावात काढल्या आणि एक लाख डॉलरांहून जास्त उभे केले. पुरलेल्या धनाला भाव येतो तो असा.

या पडझडीचा धडा घेतला तो जपानच्या निन्टेंडो कंपनीने. १९८५ साली अमेरिकेत आपले यंत्र नेताना तिने त्यात एक कुलूप-चिप बसवली; कंपनीची परवानगी नसलेली डबी लावली तर यंत्र चालेना. शिवाय परवानगी घेतलेल्यानेही वर्षाला ठरावीकच खेळ काढायचे. बाजार सुधारला खरा. मात्र चार माणसांनी बाहेर पडून जे दार उघडले होते, ते अर्धे पुन्हा लोटले गेले. खेळ लिहिणारा आता निन्टेंडोचा परवाना मागू लागला.

अटारीचे घरगुती खेळ व संगणक यांचे अंग जुलै १९८४ मध्ये जॅक ट्रॅमिएल यांनी घेतले. हे नाझी छळछावणीतून वाचलेले, टंकलेखन-यंत्रांच्या दुरुस्तीपासून सुरुवात करून कमोडोर कंपनी उभारलेले गृहस्थ. अटारीच्या पेटीतला प्रोसेसर ज्या कंपनीच्या घरात जन्मला ती कंपनी कमोडोरने १९७६ सालीच घेतली होती. म्हणजे ज्यांनी मेंदू विकला त्यांच्याच मालकाने पुढे पेटीही घेतली. १९८६ मध्ये २६०० ची लहान, स्वस्त आवृत्ती काढली आणि आश्चर्य असे की ती चालली. १ जानेवारी १९९२ पासून उत्पादन थांबले. तोवर सुमारे ३ कोटी पेट्या खपल्या होत्या. १२८ घरांच्या यंत्राने चौदा वर्षांवर बाजार केला.

२०२३ च्या नोव्हेंबरात अटारी हे नाव सध्या बाळगणाऱ्या कंपनीने त्याच घाटाची, लाकडी पट्टीची नवी पेटी विक्रीला आणली. आजच्या सपाट पडद्याला ती जोडता येते आणि जुन्या डब्या तिच्यात चालतात. ‘अॅडव्हेंचर’ लावला आणि भिंतीआडचा राखाडी ठिपका उचलला, की आतल्या खोलीत रॉबिनेट यांचे नाव तसेच दिसते.